दुर्बीण नंतर, स्टँड आधी! कमी बजेटमध्ये आकाशाचे फोटो काढायला कोणता माउंट घ्यायचा?

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसला आणि कितीतरी जणांनी तो साध्या मोबाइलने टिपला. तेव्हापासून आमच्या सावेडीत मला एक प्रश्न सारखा ऐकायला मिळतो, "दादा, आकाशाचे फोटो काढायला कोणता टेलिस्कोप घेऊ?"

परवा आमच्याच गल्लीतल्या अकरावीतल्या एका मुलीने हेच विचारलं. शिष्यवृत्तीचे साठवलेले पैसे आणि आजीने दिलेले मिळून तिच्याकडे दहा हजार रुपये होते. घरून अट एकच होती, "एकदाच काय ते घे, पुन्हा मागायचं नाही." तिने मोबाइलवर एका दुर्बिणीची जाहिरात दाखवली. मोठ्या अक्षरात ‘६७५ पट’ लिहिलेलं आणि खाली वीतभर उंचीचा टेबलावर ठेवायचा बारीक ट्रायपॉड. दुर्बीण किती पट मोठं दाखवते हे तिला पाठ होतं. ती कशावर उभी राहणार, हे मात्र तिने पाहिलंच नव्हतं.

बहुतेकांचं इथेच फसतं. फोटोग्राफीत दुर्बिणीइतकाच, किंबहुना तिच्यापेक्षा जास्त महत्त्वाचा असतो तो तिचा स्टँड, म्हणजेच माउंट. तो डुगडुगला की चंद्र पडद्यावर नाचतो, दोन-चार रात्री चिडचिड होते आणि दुर्बीण माळ्यावर जाते. पैसे जातात ते जातात, पण आकाशाची आवडही जाते. म्हणून आजच्या लेखात फक्त माउंटबद्दल बोलू. कोणत्या फोटोला कोणता माउंट लागतो, कमी पैशांत काय जमतं आणि कशावर खर्च करायची गरजच नाही, हे एकेक करून पाहू.

माउंट म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर माउंटची कामं दोन. पहिलं, दुर्बीण किंवा कॅमेरा घट्ट धरून ठेवणं. दुसरं, आकाश सरकतं त्याच वेगाने दुर्बीण सरकवणं, म्हणजे ट्रॅकिंग. पहिलं काम प्रत्येक माउंटला यायलाच हवं. दुसरं काम तुम्हाला हवं आहे का, हे तुम्ही कशाचा फोटो काढणार यावर ठरतं. पैसे वाचतात ते इथेच.

आकाश किती जोरात पळतं?

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण करते. त्यामुळे तारे तासाला साधारण १५ अंश सरकताना दिसतात. पूर्ण चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो. म्हणजे दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. दुर्बिणीतून एक अंशाचा तुकडा दिसत असेल, तर मधोमध आणलेला ग्रह दोन मिनिटांत चौकटीबाहेर!

एका अंशाचे ६० भाग केले की त्याला कला म्हणतात आणि कलेचे ६० भाग केले की विकला. या हिशोबाने तारे सेकंदाला १५ विकला धावतात. आता हे पाहा:

• मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशातला साधारण ५० ते ६० विकलांचा तुकडा टिपतो. म्हणजे ताऱ्याला एक पिक्सेल ओलांडायला तीन-चार सेकंद लागतात. दहा सेकंदांचा फोटो ट्रॅकिंगशिवायही छान येतो.

• ५० मिलिमीटरची लेन्स लावलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात हाच पिक्सेल साधारण १६ विकलांचा होतो. तारा सेकंदाभरात एक पिक्सेल पुढे.

• ६५० मिलिमीटर फोकल लेंथच्या दुर्बिणीला तोच कॅमेरा जोडला, तर पिक्सेल सव्वा विकलेचा. म्हणजे एका सेकंदात तारा बारा पिक्सेल पळाला. ट्रॅकिंग नसेल तर ताऱ्याचा ठिपका न दिसता रेघ दिसते.

फोटोग्राफर यासाठी एक सोपा ठोकताळा वापरतात. ५०० ला लेन्सच्या ३५ मिमी हिशोबाच्या फोकल लेंथने भागायचं, उत्तर येईल तितके सेकंद शटर उघडं ठेवायचं. मोबाइलची मुख्य लेन्स या हिशोबात २५ मिमीच्या आसपास असते, म्हणजे २० सेकंद. हल्लीचे पिक्सेल बारीक असल्यामुळे मी त्याच्या निम्मेच धरतो.

थोडक्यात काय, फोकल लेंथ जितकी जास्त तितका माउंट चांगला हवा. ‘६७५ पट’वाल्या जाहिरातीतली गोम हीच. आणि तसंही दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या साधारण दुप्पट मोठं दाखवणं ही तिची उपयोगाची मर्यादा असते. ७० मिमीची दुर्बीण असेल तर १४० पट. त्यापुढे नुसतं धूसर.

माउंटचे दोन मुख्य प्रकार

पहिला प्रकार अल्ट-ॲझिमथ. याला आपण ‘वर-खाली, डावी-उजवी’ माउंट म्हणू. रणगाड्याच्या तोफेसारखा तो दोन दिशांना फिरतो. साधा कॅमेरा ट्रायपॉड हाच प्रकार. लाकडी पेटीवर फिरणारा डॉब्सोनियनही यातलाच. स्वस्त, मजबूत आणि समजायला सोपा. अडचण एकच, तारे तिरक्या वाटेने जातात, त्यामुळे त्यांच्या मागे जायला दोन्ही अक्ष एकाच वेळी, बदलत्या वेगाने फिरवावे लागतात.

दुसरा प्रकार इक्वेटोरियल, म्हणजे विषुववृत्तीय. यात एक अक्ष तिरका करून सरळ ध्रुवताऱ्याच्या दिशेने, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात. मग एकच अक्ष एकाच वेगाने फिरवला की काम झालं. एक छोटी मोटर पुरते.

हे दोन्ही प्रकार भारतीय शास्त्रज्ञांनी केवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरलेत बघा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९७० मध्ये उटीला रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ती ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. उटीचे अक्षांश साधारण ११ अंश, म्हणून शास्त्रज्ञांनी ११ अंशांचाच उतार असलेली टेकडी शोधली आणि दुर्बीण त्या उतारावर उत्तर-दक्षिण बांधली. तिचा लांबलचक अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. तो एकच अक्ष फिरवून ती एखाद्या स्रोतामागे सलग साडेनऊ तास जाऊ शकते. अख्खी टेकडीच इक्वेटोरियल माउंट!

पुढे स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी झाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. नगर-कल्याण रस्त्याने आळेफाट्याला जाऊन पुढे नारायणगावकडे वळलं की हा भाग येतो. या तबकड्या मात्र अल्ट-ॲझिमथ आहेत. दोन्ही अक्षांचा हिशोब संगणक करतो. जुन्नरच्या बाजूला गिरवलीला आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे, तीही अल्ट-ॲझिमथच.

तिसरीही एक गंमत आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचं पथक सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आलं होतं. आपल्या नगर तालुक्यातलं जेऊर नव्हे, करमाळा तालुक्यातलं. पुण्याचे कावसजी नायगमवालाही आपलं पथक घेऊन तिथेच होते. लिकच्या पथकाचा एक कॅमेरा ४० फूट लांब होता. एवढं धूड फिरवणार कसं? त्यांनी ते फिरवलंच नाही. लेन्स आणि नळी जागच्या जागी ठेवली आणि आतली फोटोची काच घड्याळाच्या यंत्रणेने सूर्यप्रतिमेच्या वेगाने सरकवली.

यातून आपण काय घ्यायचं? माउंट महागच हवा असं नाही. आपली वस्तू केवढी आणि फोटो कशाचा, यावरून उपाय ठरतो.

‘फील्ड रोटेशन’ म्हणजे काय आणि आपल्याकडे ते जास्त का?

अल्ट-ॲझिमथ माउंटला मोटर आणि संगणक असला, तरी एक त्रास उरतोच. तारा मधोमध राहतो, पण त्याच्याभोवतीचं चित्र हळूहळू गोल फिरतं. उगवताना आडवं दिसणारं मृगनक्षत्र माथ्यावर येईपर्यंत उभं होतं, तेच हे. मोठ्या दुर्बिणींना त्यासाठी कॅमेरा उलट फिरवणारी वेगळी यंत्रणा लावतात.

हे फिरणं किती जोरात होतं, ते तुमच्या अक्षांशावर आणि तुम्ही कोणत्या दिशेला पाहता यावर ठरतं. विषुववृत्ताच्या जवळ ते वाढतं. सावेडीचे अक्षांश साधारण १९.१ अंश. त्यामुळे त्याच दिशेला आणि त्याच उंचीवर पाहिलं तर आपल्याकडे हे फिरणं लंडनच्या दीडपट असतं. यूट्यूबवर तिकडचा कोणी ‘३० सेकंद बिनधास्त ठेवा’ म्हणाला, तर ते इथे जसंच्या तसं लागू पडत नाही.

आता कामाची गोष्ट. सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला पाहिलं तर हे फिरणं जवळजवळ शून्य असतं. उत्तरेला-दक्षिणेला, त्यातही उंचावर, ते सर्वांत जास्त. मृगातला तेजोमेघ एम-४२ घ्या. सावेडीतून तो दक्षिणेला सर्वांत उंच, म्हणजे साधारण ६५ अंशांवर येतो तेव्हा चित्र तासाला ३४ अंशांच्या वेगाने फिरत असतं. तोच पूर्वेला ३० अंशांवर असताना हा वेग असतो तासाला फक्त ५ अंश. ३० सेकंदांच्या फोटोत मध्यापासून २००० पिक्सेल लांबचा तारा पहिल्या वेळी जवळजवळ १० पिक्सेल घसरेल, दुसऱ्या वेळी जेमतेम दीड!

डिसेंबरच्या मध्यावर एम-४२ रात्री पावणेनऊच्या सुमारास पूर्वेला ३० अंशांवर असतो आणि साडेबाराच्या सुमारास सर्वांत उंच. म्हणजे अल्ट-ॲझिमथवाल्यांनी जेवण उरकून लगेच गच्चीवर जावं. एक रुपयाही खर्च न करता फोटो सुधारतो.

मोबाइलचं सॉफ्टवेअर माउंटचं अर्धं काम करतं

गूगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ सोबत ताऱ्यांच्या फोटोचा मोड आणला. तो चार मिनिटांचा एकच फोटो काढत नाही, तर जास्तीत जास्त १६-१६ सेकंदांचे पंधरा फोटो काढतो आणि तारे एकमेकांवर जुळवून एक फोटो बनवतो. याला स्टॅकिंग म्हणतात. तुमच्या फोनमध्ये असा मोड नसला तरी काही बिघडत नाही. प्रो मोडमध्ये १० सेकंदांचे पन्नास फोटो काढा आणि संगणकावर सिरिल, डीपस्कायस्टॅकर किंवा सिक्वेटर यांपैकी एका मोफत सॉफ्टवेअरने जुळवा. जुळवताना सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो हवा तसा फिरवून घेतं, त्यामुळे फील्ड रोटेशनचा त्रास फक्त एकेका फोटोपुरता उरतो. कडा थोड्या कापाव्या लागतात, एवढंच.

चंद्र आणि ग्रहांना तर लांब एक्स्पोजर लागतच नाही. चंद्र उजळ असतो, सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो. गुरू-शनीचा व्हिडिओ काढायचा. ग्रह चौकटीच्या एका कडेने आत येऊन दुसऱ्या कडेने जाईपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि ऑटोस्टॅकर्टसारख्या मोफत सॉफ्टवेअरने त्यातल्या चांगल्या फ्रेम निवडून जुळवायच्या. इथे ट्रॅकिंग असेल तर सोय होते, पण नसेल तर अडत नाही.

तुमचं बजेट किती? त्यानुसार हे घ्या

१. हजार-दोन हजार: फक्त ट्रायपॉड. मोबाइल असेल तर एक भक्कम ट्रायपॉड आणि मोबाइल क्लॅम्प घ्या, बस्स. उंचीपेक्षा पायांची जाडी पाहा. मधला दांडा वर ओढू नका, तो वर गेला की सगळं हलतं. शटरसाठी तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने फोटो हलणार नाही. यात नक्षत्रं, धूमकेतू, ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेघा आणि अंधाऱ्या गावी आकाशगंगाही येते. हो, आकाशगंगेला दुर्बीण लागत नाही!

२. आणखी काही शे रुपये: घरी बनवलेला ट्रॅकर. घरात कोणाचा जुना डीएसएलआर पडून असेल, तर हा उपाय भन्नाट आहे. त्याला ‘बार्न-डोअर ट्रॅकर’ म्हणतात. फूटभर लांबीच्या दोन फळ्या एका कडेला घट्ट बिजागरीने जोडायच्या. बिजागरीच्या अक्षापासून बरोबर २२.९ सेंटिमीटरवर खालच्या फळीत नट पक्का बसवून त्यातून एम-६ मापाचा आट्यांचा रॉड वर घालायचा. या रॉडचा एक आटा १ मिलिमीटरचा असतो. तो मिनिटाला एक फेरी फिरवला की वरची फळी बरोबर आकाशाच्या वेगाने उघडते. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची, म्हणजे इंचाला २० आटे असलेला रॉड मिळाला, तर हे अंतर २९ सेंटिमीटर ठेवायचं. बिजागरीची रेघ ध्रुवताऱ्याकडे रोखायची आणि उत्तरेकडे तोंड केल्यावर बिजागरी डाव्या हाताला यायला हवी. दर १५ सेकंदांनी पाव फेरी हाताने फिरवली तरी चालतं. पाच-सात मिनिटांनी रॉड उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करायची, कारण पुढे वेग चुकायला लागतो. ५० मिमीपर्यंतच्या लेन्सला हा ट्रॅकर पुरतो. फक्त मोबाइल असेल तर मात्र याची फारशी गरज नाही, स्टॅकिंगनेच काम भागतं.

३. साधारण दहा-पंधरा हजार: साधा पण दणकट अल्ट-ॲझिमथ. चंद्रावरची विवरं, गुरूचे चंद्र, शनीची कडी हवी असतील तर इथे दुर्बीण आली. मी दोनच पर्याय सांगेन. एक, टेबलावर ठेवायचा छोटा डॉब्सोनियन. त्याला बारीक पाय नसतात, बसका पाट असतो, त्यामुळे तो हलत नाही. दोन, ७०-८० मिमीची भिंगाची दुर्बीण, पण हळू फिरवायच्या दोन नॉब असलेल्या अल्ट-ॲझिमथवर. नॉब नसतील तर ग्रह चौकटीत ठेवणं म्हणजे दिव्य. सोबत मोबाइल नेत्रिकेला धरून ठेवणारा ॲडॅप्टर लागेल. एक लक्षात ठेवा, फोन आणि ॲडॅप्टर मिळून पाव ते अर्धा किलो वजन एका टोकाला येतं आणि दुर्बीण आपोआप कलते. दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन बांधून तोल साधायचा.

या किमतीत काही जण ‘इक्वेटोरियल’ लिहिलेली दुर्बीणही विकतात. ती टाळा. या बजेटमध्ये तो माउंट इतका बारीक असतो की दोन्ही प्रकारांचे तोटे एकत्र मिळतात, हलतोही आणि लावायलाही किचकट.

४. तीस-चाळीस हजार आणि पुढे: मोटर असलेला इक्वेटोरियल किंवा स्टार ट्रॅकर. कॅमेरा आणि लेन्स आधीच असतील तर दुर्बिणीआधी स्टार ट्रॅकर घ्या. तो कॅमेऱ्याच्या बॅगेत मावतो आणि १३५-२०० मिमीच्या लेन्सने देवयानी दीर्घिकेचे किंवा मृगाच्या तेजोमेघाचे सुंदर फोटो देतो. दुर्बिणीला कॅमेरा जोडायचाच असेल, तर कंपनीने सांगितलेल्या वजनाच्या निम्म्यापर्यंतच माल चढवा. ५ किलो लिहिलं असेल तर फोटोग्राफीसाठी अडीच किलो समजा.

५. स्मार्ट टेलिस्कोप. सीस्टार एस-५० सारख्या यंत्रात दुर्बीण, कॅमेरा, मोटर आणि स्टॅकिंग सगळं एकत्र असतं, मोबाइलवर बटण दाबलं की काम सुरू. त्याची मूळ रचना अल्ट-ॲझिमथच आहे, १०-१० सेकंदांचे फोटो जोडत जाणं हाच त्याचा मंत्र. सोपं आहे, पण बहुतेक विद्यार्थ्यांच्या बजेटबाहेरचं.

इक्वेटोरियल घेताय? मग १९ अंशांची अडचण समजून घ्या

ध्रुवतारा आकाशात तुमच्या अक्षांशाएवढ्या उंचीवर दिसतो. सावेडीत तो क्षितिजापासून फक्त १९ अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंशांची होते, म्हणजे जेमतेम दोन मुठी. समोर तीन मजली इमारत असली की झाकलाच. शिवाय आमच्या उत्तरेला नागापूर एमआयडीसीचे दिवे आहेत. म्हणून आधी, एक पैसाही खर्च करण्यापूर्वी, गच्चीवर जाऊन उत्तरेला दोन मुठींवर ध्रुवतारा दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर तुमच्या गच्चीसाठी महागडा इक्वेटोरियल म्हणजे रोजची डोकेदुखी.

मग मोबाइलच्या होकायंत्राने उत्तर ठरवता येईल का? काही प्रमाणात. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात एका अंशाहूनही कमी फरक आहे, हे आपलं नशीब. पण स्लॅबमधल्या सळया, टाकीचा लोखंडी स्टँड आणि माउंटचं स्वतःचं लोखंड होकायंत्राला भुलवतात. चार-पाच पावलं दूर उभं राहून दिशा घ्या आणि मग माउंट त्या रेघेत ठेवा.

एका अंशाची चूक चालते का? ५० मिमीच्या लेन्सला ३० सेकंदांत तारा फार तर अर्धा पिक्सेल घसरेल, म्हणजे बिनधास्त चालते. ६५० मिमीच्या दुर्बिणीला तोच तारा सहा पिक्सेल घसरेल, म्हणजे मुळीच चालत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या व्हिडिओंमध्ये कळत नाही. कमी अक्षांशावर माउंटचा मुख्य अक्ष जवळजवळ आडवा होतो, त्यामुळे तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि ट्रायपॉडच्या पायाला आपटू शकतो. दुकानात माउंट १९ अंशांवर लावून, वजन चढवून, पूर्ण फिरवून बघायला सांगा. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याला आधी विचारा, "१९ अंशांवर वजन पायाला लागतं का?"

शहरातल्या आकाशात महाग माउंट किती उपयोगी?

ही गोष्ट कोणी सांगत नाही. सावेडीत गुलमोहर रोड असो की पाइपलाइन रोड, दिव्यांमुळे आकाश काळं न राहता करडं झालेलं असतं. अशा आकाशात फोटो लांब काढला तरी ताऱ्यांसोबत तो करडेपणाही भरत जातो. १५ ते ३० सेकंदांतच फोटो उजळून निघतो. पाच मिनिटांचं एक्स्पोजर अचूक सांभाळणारा माउंट घेतला, तर ती पाच मिनिटं वापरणार कुठे? म्हणून शहरात राहणाऱ्याने माउंटच्या अचूकतेवर पैसे ओतण्यापेक्षा छोटे फोटो भरपूर काढावेत आणि उरलेल्या पैशांत महिन्यातून एकदा, अमावास्येच्या आसपास, अंधाऱ्या जागी जावं.

जागा लांब शोधायला नकोच. डोंगरगण परिसर जवळ आहे, कोणाच्या मामाचं गाव पारनेर-पाथर्डीकडे असतं, अकोले तालुक्यात भंडारदरा आहे. नातेवाइकांचं शेत सगळ्यात उत्तम, परवानगी सोपी आणि चहा फुकट. एकट्याने जाऊ नका, घरी सांगून जा. आणि तुमचा माउंट दुचाकीवर मागे बसलेल्याच्या मांडीवर मावतो का, हेही पाहा. जो माउंट घराबाहेर निघत नाही, तो कितीही भारी असला तरी काय कामाचा?

खरेदी करताना या सहा चाचण्या करा

१. टिचकी चाचणी: दुर्बीण दूरच्या टॉवरवर रोखा आणि नळीला हलकी टिचकी मारा. चित्र एक-दोन सेकंदांत स्थिर झालं तर उत्तम, चार-पाच सेकंद थरथरलं तर नको.

२. पिळ चाचणी: ट्रायपॉडचं डोकं धरून हलकं पिळा. पाय वळत असतील तर नको.

३. नॉब फिरवताना मध्येच सुटल्यासारखं, मोकळं फिरतं का? तसं असेल तर ग्रह सोडून पळेल.

४. सांधे प्लॅस्टिकचे की धातूचे? वजन पेलणारे सांधे धातूचेच हवेत.

५. फोन लावून तपासा. रिकामी दुर्बीण सगळ्याच माउंटवर छान उभी राहते.

६. ऑनलाइन मागवलं तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपण्याआधीच या चाचण्या उरका.

आधीच घेतलेला माउंट हलत असेल तर निराश होऊ नका. पाय पूर्ण लांब करू नका, ट्रायपॉडच्या मधोमध वाळूची पिशवी किंवा दोन विटा टांगा, खाली स्वयंपाकघरातल्या जुन्या रबरी मॅटचे तुकडे ठेवा आणि वारं असेल त्या रात्री पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसा. एवढ्यानेही खूप फरक पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर खात्रीचा सौर फिल्टर लावल्याशिवाय तिला कधीही सूर्याकडे रोखू नका. डोळाही जातो आणि फोनचा सेन्सरही.

मग त्या दहा हजारांचं काय?

तिला मी विचारलं, "तुला नक्की कशाचा फोटो हवाय?" ती म्हणाली, "आकाशगंगेचा. आणि शनीची कडी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचीये." उत्तर तिथेच मिळालं. आकाशगंगेसाठी भक्कम ट्रायपॉड आणि मामाच्या गावचा अंधार. शनीसाठी उरलेल्या पैशांत बसेल असा छोटा टेबल डॉब्सोनियन आणि मोबाइल ॲडॅप्टर. मोटर नाही, इक्वेटोरियल नाही, ‘६७५ पट’ तर नाहीच.

तुम्हीही हाच क्रम ठेवा. आधी कशाचा फोटो ते ठरवा, मग माउंट आणि सगळ्यात शेवटी दुर्बीण. पैसे हातात यायला वेळ असेल तर तोपर्यंत फुकटातलं काम करून ठेवा. आज रात्री आकाश मोकळं असेल तर फोन एखाद्या विटेला टेकवून वर रोखा, १० सेकंदांचे वीस फोटो काढा आणि जुळवून बघा. त्या फोटोत काय कमी पडलं, ते बघितलं की पुढचा खर्च कशावर करायचा हे कळेल.